घर दोघांचं, माळा एकट्याचा: नवरा काहीच टाकू देत नसेल तर काय करावं?

सई_विश्रामबाग | ९ सप्टेंबर २०२५, रात्री १०:१४

पितृपंधरवडा सुरू झाला, घट बसायच्या आत दसरा काढायचाय. लांबच्या सभासदांसाठी सांगते, आमच्या सांगलीकडे नवरात्राआधी घरातली भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कपाटं, माळे सगळं खाली काढून धुवून-पुसून परत लावतात.

आमच्याकडे दरवर्षी काय होतं, तर मी माळ्यावरचं खाली काढते, नवरा एकेक वस्तू पुसतो आणि जशीच्या तशी परत वर ठेवतो. धूळ जाते, सामान तेवढंच. खरं तर थोडं वाढतंच, कारण हातात घेतल्यावर त्याला आठवतं की याच्या जोडीचं एक अजून कंपनीत पडून आहे.

घर टू बीएचके. नवरा कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला. हाताला गुण आहे हे आधीच सांगते, आमच्याकडे प्लंबर-वायरमन क्वचितच येतो. त्या बदल्यात घरात काय काय आहे ते वाचा: बंद पडलेल्या मिक्सरची बुडं, पंख्यांचे जुने डबडे रेग्युलेटर, जाड काचेचा कॉम्प्युटरचा मॉनिटर, टीव्हीचं खोकं थर्माकोलसकट (टीव्ही विकून झाला), सासऱ्यांचा टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी, वायरींची वेटोळी, बेअरिंगं, नटबोल्टांनी भरलेले बोर्नव्हिटाचे डबे, आहेरात आलेली भिंतीवरची घड्याळं. दुसरं बाथरूम आता नावापुरतंच बाथरूम आहे. सासूबाईंचा तांब्याचा बंब तिथेच ठेवलाय आणि त्यात पीव्हीसीचे पाईप उभे आहेत.

आजवर चालवून घेतलं. पण मुलगी नववीत आहे, पुढच्या वर्षी दहावी. तिला दार लावून बसता येईल अशी जागा हवी. मागची छोटी खोली आहे की, पण तिच्यात सामान राहतंय.

गुपचूप टाकून दे, असं मैत्रिणींनी सांगून झालंय. ते मला करायचं नाही. आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं, “असू दे, लागेल.” सासूबाई मुलाच्या बाजूने. तुमच्याकडे दोघांपैकी एक साठवणारा असेल तर तुम्ही कसं मिटवलंत?

---

भडंग_मास्तर | ९ सप्टेंबर, रात्री १०:३१

धागा वाचनखुणांत ठेवला आहे. लागेल कधीतरी.

---

घंटागाडी_झिंदाबाद | ९ सप्टेंबर, रात्री १०:४५

ताई, मैत्रिणींचं ऐका. रोज एक वस्तू, सकाळच्या घंटागाडीत. मोठ्याला हात लावायचा नाही, डब्याच्या तळातल्यापासून सुरुवात करायची. अशा माणसांना आपल्याकडे काय आहे हेच माहीत नसतं, त्यामुळे गेलेलं कळत नाही. माझ्या घरी असंच आवरलं, आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

---

अण्णा_लेथवाले | ९ सप्टेंबर, रात्री ११:२०

घंटागाडीताई, कळतं ओ. बोलत नाही एवढंच.

मी सईताईंच्या नवऱ्याच्या जातकुळीतला. आयटीआय करून चिकटलो तेव्हा पहिल्या पगारातनं बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर कॅलिपर घेतला होता. लाकडी पेटीत, तेलाच्या फडक्यात गुंडाळून. एका दिवाळीत आमच्या सौभाग्यवतींनी पेटीसकट भंगारवाल्याला घातला. किलोवर. पेटीचं वजन धरलं का नाही तेही माहीत नाही. मी भांडलो नाही. पण त्या दिवसापासून माझ्या खोलीला कुलूप आहे, आणि आधी जे मी स्वतःहून टाकत होतो तेही टाकायचं बंद झालं. कशाचं काय होईल याचा भरवसा गेला की माणूस धरून ठेवतो.

सईताई, न विचारता टाकायचं नाही हे तुम्ही ठरवलंय ते बरोबर आहे. बाकीचं सावकाशीने लिहितो, उद्या पहिली पाळी आहे.

---

नुसतीच_वाचक | १० सप्टेंबर, सकाळी ७:०२

अण्णांना +१. आमच्याकडे साठवणारी मी आहे. कुणी माझ्या कपाटाजवळ नुसतं उभं राहिलं तरी छातीत धडधडतं.

---

भडंग_मास्तर | १० सप्टेंबर, सकाळी ९:१०

सईताई, एक शंका. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे रिकामे डबे, साड्यांची खोकी, लग्नातल्या पिशव्या हे तुमच्या यादीत दिसत नाही. नसेलच घरात?

---

सई_विश्रामबाग | १० सप्टेंबर, सकाळी ९:४०

ते वापरात आहेत.

---

अण्णा_लेथवाले | १० सप्टेंबर, सकाळी ९:५२

रिकामे डबे वापरात कसे असत्यात?

---

सई_विश्रामबाग | १० सप्टेंबर, सकाळी ९:५५

त्यावर वेगळा धागा काढा. तुम्हाला पहिली पाळी होती ना?

---

गावभाग_तळमजला | १० सप्टेंबर, दुपारी ३:१८

एरवी मी नुसती वाचते, आज लिहिते.

आम्ही गावभागातले, म्हणजे नदीकाठच्या जुन्या सांगलीतले. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी चाळीस फुटांना आलं की इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे आकडे आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा सासरे म्हणाले, २००५ ला भिंतीवर जिथवर खूण आहे तिच्या हातभर वर सगळं ठेवा. तसंच ठेवलं. पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेलं. ती खूणच पाण्यात गेली.

उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाद्या, दिवाण, भिजून मोड आलेलं धान्य, फुगून दारं न उघडणारी कपाटं. नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं त्या पाण्यात गेली, तिथं आमच्या दिवाणाचं दुःख कुणाला सांगायचं!

आणि त्यानंतर आम्हा दोघांची तोंडं दोन दिशांना झाली. मला वस्तूच नकोशा झाल्या. नवीन काही घ्यायचं म्हटलं की पहिला विचार, पाणी आलं तर हे वर कसं न्यायचं. ह्यांचं नेमकं उलटं. प्रत्येकाची जोडी हवी. दोन शेगड्या, दोन बॅटऱ्या, दोन मिक्सर, एक खाली एक वर. २०२१ च्या जुलैत पाण्याने परत पन्नास फूट ओलांडले, तेव्हा हे मला काही बोलले नाहीत, नुसते बघितले.

आता ह्यांच्या बाजूचंही सांगते. प्रत्येक खरेदीचं बिल हे ठेवायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून, माळ्यावर. मी हसायची. २०१९ ला दुकानाचा विमा होता. सर्व्हेअर आला तेव्हा ह्यांनी पिशवी सोडून खरेदीची बिलं आणि मालाची वही पुढे ठेवली. शेजारच्या दुकानदाराचे कागद गल्ल्याखालीच होते, त्यांचा लगदा झाला. विमा त्यांचाही होता, पण माल किती होता हे दाखवायचं कशावरनं? त्या पिशवीमुळे आमची बिलं आजही माळ्यावर आहेत आणि मला तोंड उघडायची सोय राहिलेली नाही.

सईताई, तुमच्याकडे पाणी आलं होतं का?

---

सई_विश्रामबाग | १० सप्टेंबर, रात्री ९:३०

आलं होतं. तेव्हा आम्ही टिळक चौकाच्या मागे सासऱ्यांच्या घरी होतो, विश्रामबागेत पुरानंतर आलो. तो टेपरेकॉर्डर सासऱ्यांनी होडीत मांडीवर घेऊन आणलेला आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल मी कधीच काही बोललेले नाही. सासरे आता नाहीत.

पण बेअरिंगं, रेग्युलेटर आणि मॉनिटर पुरानंतर जमलेले आहेत. त्यांना पुराचं कारण लावू देणार नाही.

---

जमाखर्च | ११ सप्टेंबर, सकाळी ११:०५

बिलांचा विषय निघाला म्हणून धंद्यातलं थोडं. दसरा काढताना कागद सगळ्यात जास्त छळतात आणि लोक नेमके चुकीचे टाकतात.

घर-जमिनीचे कागद: खरेदीखत, सूची दोन (नोंदणीचा ‘इंडेक्स टू’), जुने उतारे, बँकेचा बोजा उतरवल्याचं पत्र. हे कधीही टाकायचे नाहीत. घरात मोठी दुरुस्ती किंवा वाढीव बांधकाम केलं असेल तर त्याची बिलं याच फाईलला लावा, घर विकताना करात उपयोगी पडतात. सोन्याच्या पावत्याही तशाच.

धंदा-व्यवसाय असेल तर हिशोबाच्या वह्या त्या-त्या आकारणी वर्षाच्या अखेरीपासून ६ वर्षं सांभाळा. काही प्रकरण चालू असेल तर ते मिटेपर्यंत.

वस्तूंची बिलं: ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं असते. वॉरंटी संपून जमाना झालेल्या, बंद पडलेल्या मिक्सरच्या बिलाचा उपयोग शून्य. घरसामानाचा विमा असेल तर महागड्या वस्तूंची बिलं ठेवा, आणि गावभागताईंच्या घरच्यांसारखी ठेवा, पिशवीत आणि उंचावर. खोकं मात्र वॉरंटीला सहसा लागत नाही, बिल आणि सिरियल नंबर लागतो. टीव्हीच विकलाय म्हणता, मग खोकं कुणासाठी?

डिजिलॉकरमध्ये खात्याकडून थेट आलेला कागद कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीचा. आपण फोटो काढून चढवलेला तसा नसतो, हा फरक ध्यानात ठेवा.

---

साताऱ्याची_लेक | ११ सप्टेंबर, दुपारी १:४४

आमच्या आजोळी दसरा काढायचा म्हणजे सगळ्या वाकळा बैलगाडीत, नंतर टेम्पोत घालून माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. घाटाच्या पायऱ्यांवर आपटायच्या, दगडांवर वाळत घालायच्या, दुपारी तिथंच भाकरी. तेव्हा घर आवरायला जागा लागत नव्हती, कारण जुनं लुगडं वाकळेत जायचं, वाकळ विरली की तिचं पायपुसणं, पायपुसणं चुलीच्या धगीला. राहिलंच काही तर बोहारीण. तीही सहजासहजी द्यायची नाही. तीन साड्यांवर एक पातेलं म्हणायची आणि आजी पातेल्याचा तळ वाजवून बघायची.

अवांतर झालं, पण माझा मुद्दा आहे. अडगळ सगळ्या घरांत होती, फक्त ती पुढे सरकत होती. आता पॉलिस्टरच्या साडीची वाकळ ऊबच धरत नाही, आणि बोहारीण सोसायटीच्या गेटवरनं परत जाते.

---

बापू_वाळवा | ११ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२७

सगळं वाचलं. एक सांगतो, राग मानू नका.

७२ च्या दुष्काळात मी खडी फोडायला जात होतो, वय शाळेत जायचं. रेशनला मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी मिळायची, तिची लाल भाकरी. सुकडी मिळाली तर सण. त्या वर्षी घरात जी सुतळी, जो खिळा, जो डबा होता तो आईने जपला आणि आम्हाला जपायला लावला. आज माझ्या कपाटात सरळ केलेल्या खिळ्यांचा डबा आहे. सुनेला तो कचरा वाटतो. तुम्ही टाकता कारण परत मिळेल याची खात्री आहे. आम्हाला ती अजूनही नाही. ह्याला खोड म्हणा, पण आजार म्हणू नका. कुणीतरी म्हणणारच होतं, म्हणून आधीच लिहिलं.

---

साताऱ्याची_लेक | ११ सप्टेंबर, रात्री ८:०३

बापू, राग कसला. पण तुमच्या डब्यातला खिळा परत भिंतीत जात होता. त्या काळी घरात येणारंच कमी, म्हणून ठेवलेलं मावत होतं. आता आठवड्याला दारात खोकी येतात आणि सवय मात्र दुष्काळातली. दोन्ही एका घरात कसं मावणार? तुमच्या खिळ्यांवर माझं काही म्हणणं नाही, डबा एकच आहे तोवर.

---

ओपीडी_नंतर | ११ सप्टेंबर, रात्री १०:५०

बापू, मीच तो ‘कुणीतरी’, पण तुम्हाला आजारी म्हणायला आलेलो नाही.

अतिसंग्रहाचा विकार म्हणून स्वतंत्र निदान २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणात आहे, नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही आलं. त्यात वस्तू किती आहेत हे मोजत नाहीत. टाकायचं म्हटलं की असह्य त्रास होणं, आणि त्यापायी खोल्यांचा मूळ उपयोगच बंद पडणं, म्हणजे ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही, पलंगावर झोपता येत नाही, दारातून आत शिरता येत नाही, हे बघतात. पाहण्यांत शंभरात साधारण दोन-तीन माणसं निघतात. वाढत्या वयात बळावतो. आणि अशा माणसाच्या माघारी घर रिकामं केलं तर तो सुधारत नाही. घर परत भरतं आणि घरच्यांवरचा विश्वास जातो, अण्णांनी लिहिलंय तेच. यावर समुपदेशनाचे उपचार आहेत, वेळ लागतो.

सईताईंच्या वर्णनावरून मला तसं वाटत नाही. बंद बाथरूमची खूण वाईट आहे, पण माणूस वस्तू दुरुस्त करतो, वापरतो, कामावर जातो. हौस आणि सवय यांच्यामधलं काहीतरी. कुणी सडलेलं अन्न, वर्तमानपत्रांच्या भिंती, गॅसच्या शेगडीला टेकलेले कागद असं सांगितलं असतं तर लगेच डॉक्टरकडे न्या म्हटलं असतं.

---

मिशिगनचा_मिरजकर | १२ सप्टेंबर, सकाळी ६:१५

इथे विद्यापीठात एक जुना प्रयोग शिकवतात. कानमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९९० साली छापलेला. वर्गातल्या निम्म्या मुलांना कॉफीचे मग वाटले आणि विचारलं, कितीला विकाल? बाकीच्यांना विचारलं, कितीला घ्याल? ज्यांच्या हातात मग होता त्यांनी दुपटीच्या आसपास किंमत सांगितली. मग तोच, नुकताच मिळालेला. तर वीस वर्षं माळ्यावर असलेल्या वस्तूचं काय होत असेल!

म्हणून “हे टाकू का?” असं विचारू नका. “हे आज दुकानात दिसलं तर विकत घेशील का?” असं विचारा. आणि आठवणीच्या वस्तूंचे फोटो काढून ठेवा.

---

भडंग_मास्तर | १२ सप्टेंबर, सकाळी ८:३०

फोटो काढले. आता मोबाईल म्हणतो जागा संपली. तो माळा कोण आवरणार?

---

सई_विश्रामबाग | १२ सप्टेंबर, सकाळी १०:२०

मिरजकर, विचारून बघितलं. “हा रेग्युलेटर दुकानात दिसला तर घेशील का?” तर म्हणतो, “आता मिळतच नाही बाजारात. म्हणून तर ठेवलाय.”

---

अण्णा_लेथवाले | १२ सप्टेंबर, रात्री ९:४८

सुट्टी मिळाली, आता लिहितो. तुमच्या मालकांना असल्या प्रश्नांनी पटणार नाही. आम्हाला आठवणी-बिठवणी सांगून उपयोग नाही, आम्ही ‘लागेल’ म्हणतो ते मनापासून म्हणतो. तेव्हा लागेल तेव्हा ते चालेल का, एवढंच धरा. पडून राहिलेला माल खराब होतो हे प्रत्येक मेंटेनन्सवाल्याला माहीत असतं, फक्त घरी आल्यावर तो ते विसरतो.

पंख्याचे डबडे रेग्युलेटर: आत रेझिस्टन्सची तार. पंखा हळू केला की वाचलेली वीज त्या तारेत तापून जाते. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आल्यावर ते लावण्यात अर्थच नाही. बाजारात मिळत नाही ते याच्यासाठीच. सगळे द्या.

कपॅसिटर: पडून पडून क्षमता उतरते. मीटरवर लावून बघू दे त्यांना. छापलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी दाखवला की गेला. हे त्यांनी स्वतः करायचं, तुम्ही हात लावू नका.

बेअरिंगं: पाकीटबंद ६२०२, ६२०३ नंबरची असतील तर ठेवा, पंख्या-मोटारींना हीच लागत्यात. उघडी, गंज धरलेली, ग्रीस वाळून दगड झालेली गेली.

मिक्सरची बुडं: प्रत्येक कंपनीचा कपलर वेगळा, एकाचा दुसऱ्याला बसत नाही. कार्बन ब्रश काढून घ्या, बाकी भंगार. देताना मोटारीचं वाइंडिंग तांब्याचं का ॲल्युमिनियमचं ते बघून द्या, भावात फरक पडतो. भंगारवाला आपणहून सांगणार नाही.

वायरी: दुमडून बघा. वरचं आवरण तडकलं तर ती घरात ठेवणंच धोक्याचं.

टेपरेकॉर्डर: आतला रबरी पट्टा एव्हाना चिकट डांबर झाला असणार. पट्टा मिळतो. तो बदलून एकदा चालू करा, कॅसेटी लावून बघा आणि कॉम्प्युटरला वायर जोडून आवाज उतरवून घ्या. सासऱ्यांचा आवाज असला एखादीत तर फितीला बुरशी धरायच्या आत करा.

आणि मुख्य गोष्ट. ‘काय टाकायचं’ यावर बोलणी करूच नका, शंभर वस्तूंची शंभर भांडणं होतात. ‘कुठवर’ एवढं ठरवा. एक रॅक, एक कपाट, पाहिजे तर कुलपासकट, पूर्ण त्यांचं. त्यात काय ठेवायचं यावर तुम्ही आयुष्यात बोलायचं नाही. त्याच्या बाहेर आलं तर त्यांनी बोलायचं नाही. मी ज्या दिवशी माझ्या खोलीचा उंबरा ही हद्द मान्य केली, त्या दिवसापासनं घरात शांतता आहे. आता नवीन मोटार आली की जुनी मीच बाहेर काढतो, कारण ठेवायला जागा नाही आणि कुलूप माझंच आहे.

---

घंटागाडी_झिंदाबाद | १३ सप्टेंबर, सकाळी ७:४०

वा. म्हणजे नवऱ्याला मीटर द्या, कुलूप द्या, त्याचा मान राखा आणि पोरीने दहावीचा अभ्यास स्वयंपाकघरात करायचा. पुरुष साठवतो तर तो ‘हाताला गुण’, बाई साठवते तर तिचे श्रीखंडाचे डबे मोजायचे. आवरणार शेवटी कोण? बाईच.

---

अण्णा_लेथवाले | १३ सप्टेंबर, दुपारी २:१०

आवरायचं त्यांनीच, असंच लिहिलंय की ओ वर. तुम्ही हात लावू नका हेही लिहिलंय.

---

घंटागाडी_झिंदाबाद | १३ सप्टेंबर, दुपारी २:३२

हात लावायचा नाही, आणि तो आवरेपर्यंत वाट बघायची. कितव्या दहावीपर्यंत?

---

संपादक_मंडळ | १३ सप्टेंबर, दुपारी ४:००

दोघांचंही म्हणणं पोचलं आहे. यानंतरचे दोन वैयक्तिक प्रतिसाद काढून टाकले आहेत.

---

भडंग_मास्तर | १३ सप्टेंबर, दुपारी ४:०६

बघा, संपादकांनी कुणाला न विचारता टाकलं आणि कुणी मेलं नाही.

---

नुसतीच_वाचक | १३ सप्टेंबर, संध्याकाळी ५:३०

घंटागाडीताईंचा सूर सोडा, पण मुद्दा खरा आहे. मुदत हवी. आमच्याकडे ‘बघू’ या शब्दावर सगळं अडतं. मी साठवणारी असून सांगते, मला तारीख दिली तर होतं. “घट बसायच्या आत मागची खोली रिकामी, नाहीतर सगळं उचलून तुझ्या बाजूच्या पलंगावर” असं नवऱ्याने एकदा हसत हसत सांगितलं होतं. उचलावं लागलं नाही.

---

कुपवाडची_सून | १४ सप्टेंबर, सकाळी १०:१०

जरा वेगळं विचारते. आमच्या माळ्यावर सासूबाईंचा तानपुरा आहे. भोपळ्याला चीर गेलीय, खुंट्या सैल. हे म्हणतात ठेव, मी म्हणते देऊन टाकू. वर पत्रा आहे, उन्हाळ्यात माळा तापतो. असाच राहू द्यावा का?

---

मिरजकर_जवारी | १४ सप्टेंबर, दुपारी १२:२५

पत्र्याखालून आधी खाली घ्या, आजच्या आज. ऊन आणि दमट हवेच्या फेऱ्यात भोपळा तडकतो, लाकूड वाकतं, सांधे सुटतात. तारा ढिल्या करा, म्हणजे घोडीखालच्या तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) ताण राहणार नाही. आडवा ठेवून वर गाद्या-गोधड्या रचू नका.

चीर म्हणजे शेवट नव्हे. मिरजेत सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं. चीर सांधतात, खुंट्या बदलतात, जवारी लावून देतात, म्हणजे तारांचा आवाज घुमावा म्हणून घोडी घासून जुळवतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते या कारागिरीचं. तुमचं घर तिथून किती लांब? एकदा नेऊन दाखवा. मग देऊन टाकायचा असेल तर वाजता तानपुरा एखाद्या शिकणाऱ्या मुलाला द्या. चिरलेला कुणी नेणार नाही, नेला तर दिवाणखान्यात शोभेला ठेवील.

---

कुपवाडची_सून | १४ सप्टेंबर, दुपारी १:००

खाली घेतला. आत पालीची अंडी निघाली.

---

तारांबळ | १५ सप्टेंबर, सकाळी ९:१५

मूळ यादीतल्या मॉनिटरबद्दल कुणी बोललं नाही. जाड काचेच्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. तो फोडून आतलं तांबं काढणाऱ्याला देऊ नका, घंटागाडीतही नको. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, तो नोंदणीकृत पुनर्चक्रीकरणवाल्याकडेच जायला हवा. नवीन वस्तू घेताना दुकानदाराला जुनी परत घ्या म्हणून विचारा, महापालिकेच्या आरोग्य विभागातही चौकशी करा.

घरातल्या जुन्या मोबाईलच्या फुगलेल्या बॅटऱ्या शोधा. त्या टोचू नका, दाबू नका, उन्हात ठेवू नका. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, त्या न फुटता गेल्या पाहिजेत. बेअरिंगांपेक्षा हे आधी बाहेर काढा.

---

सई_विश्रामबाग | २४ सप्टेंबर, रात्री १०:३७

घट बसले, म्हणून आता निवांत लिहिते.

पूर्ण धागा नवऱ्याला दाखवला नाही, अण्णांचा प्रतिसाद तेवढा वाचायला दिला. त्याने आधी त्यातल्या चुका काढल्या. कपॅसिटरचा प्रकार कोणता ते लिहिलं नाही, सगळेच सारखे उतरत नाहीत, वगैरे. मी म्हटलं, मग मोजून दाखव. मीटर घेऊन बसला. मुलगी वहीत आकडे लिहून घेत होती, तिला मजा वाटली. जे उतरले होते ते त्याने स्वतःच पोत्यात टाकले, मी समोर नव्हते. रेग्युलेटरवर मात्र काहीच बोलला नाही, सगळे गेले.

गॅलरीत अँगलचा रॅक त्यानेच वेल्डिंग करून आणला (हो, घरात अजून एक वस्तू आली, मला दिसतंय). ती त्याची हद्द. मागची खोली रिकामी झाली आहे, मुलीचं टेबल लागलं. तारखेची कल्पना चालली, पलंगाची धमकी मात्र मी न हसता दिली.

बाथरूम अर्धं झालंय. बंब विकायला सासूबाईंचा ठाम नकार होता. नणंदेकडे पलूसला शेतावर अजून लाकडं जळतात, तर बंब तिकडे गेला. सासूबाई स्वतः टेम्पोत पुढे बसून पोचवून आल्या. तारांबळ म्हणाले तसं मॉनिटर आणि बॅटऱ्यांचं चाललंय, महापालिकेत विचारलंय.

कॅसेटींचं अजून काही केलेलं नाही. पट्टा आणलाय. नवरा म्हणतो बसवतो, आणि बसवत नाही. मीही विचारत नाही.

आहेरातल्या घड्याळांचं काय करायचं कळत नाही. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं आहे, ‘अमुक परिवाराकडून सप्रेम भेट’. दुसऱ्याला देता येत नाहीत, आणि ते परिवार अधूनमधून घरी येतात.

---

भडंग_मास्तर | २४ सप्टेंबर, रात्री १०:४९

ज्या दिवशी जो परिवार येईल त्या दिवशी त्यांचं घड्याळ भिंतीवर. एक खिळा पुरतो. बापूंकडे सरळ केलेले आहेत.

---

बापू_वाळवा | २५ सप्टेंबर, सकाळी ६:०५

पाहिजे तेवढे न्या.

---

घंटागाडी_झिंदाबाद | २५ सप्टेंबर, सकाळी ७:३३

पोरीचं टेबल लागलं ना, मग झालं. रॅकवर लक्ष ठेवा.

---

गावभाग_तळमजला | २५ सप्टेंबर, दुपारी १२:५०

सईताई, कॅसेटींना पुराचं पाणी लागलेलं असेल तर तशाच लावू नका, आतला गाळ टेपच्या हेडला घासतो. फोटोंचे अल्बम भिजून चिकटलेले असतील तर ओढून सोडवू नका, थंड स्वच्छ पाण्यात बुडवून हळूहळू सुटतात, मग सावलीत पसरून वाळवा. आम्ही २०१९ ला ओढले, त्यामुळे लग्नाच्या अल्बमात बरेच जण बिनचेहऱ्याचे आहेत.

---

नवी_सभासद_इस्लामपूर | ५ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

धागा आज वाचला. आमच्याकडे सासूबाईंची पितळेची पातेली आहेत, वापरायची म्हणते पण कल्हई उडालीय. बिनकल्हईच्या भांड्यात आमटी करू नको म्हणतात, ते खरं का? आणि कल्हईवाला हल्ली कुठे भेटतो?

---

साताऱ्याची_लेक | ५ ऑक्टोबर, दुपारी १२:०२

खरं आहे. आंबट पदार्थ पितळेत कळकतात, चिंच-ताक-टोमॅटोचं काही करू नका. दिवाळीच्या तोंडावर कल्हईवाले गल्लीबोळांतून फिरतात. हाक ऐकू आली की पातेली घेऊन खाली पळा, आणि दर आधी ठरवा.